वामनची मुक्कामी गाडी

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर रागावलेलो होतो. साधासुधा राग नाही, चांगला मुरलेला. सकाळची वेळ, जमिनीवर पेपर पसरून मी माझ्या बोटभर, खेळण्यातल्या मोटारींची चाकं कापसाच्या बोळ्यानं पुसत बसलो होतो आणि वामनला काय काय सुनावायचं याची मनातल्या मनात उजळणी चालली होती. वाक्यं तयार होती. रविवारी पवनारला जायचं, चहा घ्यायचा नाही, खुर्चीवर टेकायचं नाही, उभ्या उभ्या सांगायचं की माझी गाडी दे, आजच्या आज दे. तेवढ्यात त्याच्या मुलाचा, नितीनचा फोन. "काका, बाबा गेले." मी म्हटलं, "आता कुठे गेला?" कारण वामनचं ते नेहमीचंच होतं, गाडी पिशवीत घालून हा कुठे ना कुठे गेलेलाच असायचा. नितीन म्हणाला, "काका... पहाटे छातीत दुखायला लागलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात नेईपर्यंत..." माणूस गेला की त्याच्यावरचा राग विरघळतो असं लोक म्हणतात. माझा नाही विरघळला. भांडण अर्धवट टाकून उठून जायची त्याची जुनी खोड होती, ती त्यानं शेवटपर्यंत सोडली नाही, याचाच मला भयंकर राग आला. मी तो बोळा भिंतीवर फेकला आणि मग रडलो.

शेवटची भेट तर त्याहून वाईट. पवनारच्या त्याच्या घरी ओसरीवर वामन पाटावर बसलेला, समोर ऑइलपेंटचा छोटा डबा, आणि हातात माझी व्हॅन. माझी! तिला तो मरून रंग फासत होता. का, तर सेलूच्या एका माणसाचे वडील वारले होते आणि त्या वडिलांची म्हणे एके काळी मरून रंगाची मेटॅडोर होती, लग्नाची वऱ्हाडं वाहायची. मी म्हटलं, "वामन, हा कितवा रंग?" "मोजत नाई मी." "माझी गाडी आहे ती." "तुहीच हाय. मी कवा मायी म्हटली?" "मग मी आज घेऊन चाललो." त्यानं ब्रश डब्याच्या काठावर पुसला, व्हॅन उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहिली आणि म्हणाला, "घेऊन जाजो न बे सर्वेअर. कोन नाई म्हटलं? पन रंग त वाळू दे." मी चपला घातल्या आणि निघालो. शोभावहिनींनी चहा टाकला होता, तोही घेतला नाही. जाणारी माणसं शेवटी काहीतरी मोठं बोलून जातात असं ऐकतो आपण... माझ्या वाट्याला हे आलं. रंग त वाळू दे.

ज्यांना आमच्या या नादाची कल्पना नाही त्यांना हे भांडण पोरकट वाटेल. वाटू दे. डाय-कास्ट मोटारी म्हणजे वितळवलेला जस्ताचा मिश्रधातू पोलादी साच्यात जोरानं दाबून केलेल्या छोट्या मोटारी. इंग्लंडात त्यांचा मोठा जमाना होऊन गेला. खरी मोटार रस्त्यावर आली की तिची बोटभर जुळी बहीण दुकानाच्या काचेआड हजर. महायुद्धात ते कारखाने लढाईचं सामान करायला जुंपले गेले, युद्ध संपल्यावर पुन्हा खेळण्यांवर आले. साचे झिजले, तिकडे नवे आले, की जुन्यांपैकी काही आपल्या देशात यायचे, आणि त्यातून आपल्याकडच्या मोटारी निघायच्या, कडा जरा बोथट, रंग जरा जाड. जुन्या काळच्या धातूत शिशाची भेसळ राहिली असेल तर बऱ्याच वर्षांनी मोटार बसल्या जागी तडकते, एक दिवस उचलावी तर हातात भुगा. असं सगळं आहे. हा इतिहास कागदावर फार थोडा आहे, तो वाचायचा तो मोटारीच्याच अंगावर. चाकं कोणती, खिडक्यांना काच आहे की नाही, आणि सर्वांत महत्त्वाचा मूळ रंग. मी जन्मभर विमा कंपन्यांचा सर्व्हेअर म्हणून अपघाती मोटारींचं नुकसान तपासलं. त्या धंद्यातही हेच. मूळ रंग शाबूत असेल तर मोटार खोटं बोलत नाही. दुसरा रंग चढला की समजायचं, कोणीतरी काहीतरी लपवलंय. आणि हा गृहस्थ माझ्या सर्वांत जुन्या, सर्वांत सुंदर मोटारीला ब्रशनं, हो, साध्या ब्रशनं, दर चार-सहा महिन्यांनी नवा रंग फासत होता.

ती व्हॅन माझ्या मामांनी आणलेली. मामा मालवाहू जहाजावर नोकरीला होते आणि एकदा इंग्लंडच्या फेरीतून माझ्यासाठी ती घेऊन आले. बंद पाठीची, गर्द हिरवी, छोटीशी डिलिव्हरी व्हॅन, आणि तिचं पिवळं पुठ्ठ्याचं खोकं. खोक्यावर तिचंच चित्र, दोन्ही बाजूंना आत दुमडायची झाकणं, आणि मापाला इतकं नेमकं की व्हॅन सरकवली की आतली हवा फुस्सकन बाहेर यायची. वामन तेव्हा वर्ध्याला माझ्या वर्गात. पवनारहून यायचा, आणि शाळा सुटल्यावर परतीच्या बसला वेळ असला की आमच्या घरी थांबायचा. आला की पहिलं वाक्य, "गाडी दाखव न." मी कपाटातून खोकं काढायचो, झाकण उघडायचो, व्हॅन अर्धी बाहेर सरकवायचो. तो दोन्ही हात पाठीमागे बांधून वाकून बघायचा. मग मी ती परत आत सरकवायचो. हातात देत नसे. माझी वस्तू, माझी पद्धत, आणि त्याच पद्धतीमुळे तिला इतकी वर्षं ओरखडा नव्हता. यात मला आजही काही चूक वाटत नाही.

पुढे मी मोटारींच्या मागे लागलो, कपाटाला काच बसवली, नागपूर-मुंबईहून खोक्यांसकट मोटारी जमवत गेलो. वामन चित्रकलेचा शिक्षक झाला आणि आर्वीच्या एका शाळेत लागला. माझं कपाट बघून त्याचं एकच बोलणं ठरलेलं, "ह्या गाड्या हायत का मुडदे? सारे खोक्यात निजवून ठेवले." तरी एकदा आला आणि म्हणाला, पोरांना चित्र काढायला समोर ठेवायला हिरवी व्हॅन दे, आठ दिवसांत आणून देतो. जुना मित्र, शिवाय शाळेचं काम. दिली. खोकं मात्र दिलं नाही. त्यानं मागितलंही नाही.

आठ दिवस झाले, महिना झाला, वामन गायब. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. शेवटी आर्वी रस्त्यावर एक ट्रक कलंडला, त्याच्या तपासणीला मला जावं लागलं, ते आटोपून तसाच मी त्याच्या शाळेत धडकलो. शिक्षकांच्या खोलीत गुल्हाने मॅडम नावाच्या बाईंच्या टेबलावर माझी व्हॅन उभी. पांढरीफटक! मधून निळा पट्टा, आणि बाजूला डोळ्याचं चित्र. मला क्षणभर कळेचना, ही माझीच का. मग कळलं, आणि मी तिथेच जो आरडाओरडा केला तो आर्वीच्या लोकांनी बरेच दिवस लक्षात ठेवला असणार. वामननं मला दंडाला धरून व्हरांड्यात नेलं. "हळू बोल बे. तिचे बाबा गेले. डोयाच्या शिबिराची गाडी चालवत होते ते, गावोगावी. अशीच होती म्हने, पांढरी. मी भेटाले गेलतो त ते रडेच ना. नुसती बसून. गाडी नेऊन ठेवली समोर, तवा रडली." मी म्हटलं, "अरे पण ती माझी व्हॅन आहे! आणि शिबिराची गाडी अशी नव्हतीच, ती जीप होती, मी स्वतः पाहिलीय." त्यावर वामन माझ्याकडे असा बघत राहिला, जसा काही मीच वेडा. "तिले इचार," म्हणाला, "ते जीपच हाय."

तिथून जे सुरू झालं ते थांबलंच नाही. ओळखीपाळखीत कोणी वारलं की लोक सांत्वनाला रिकाम्या हातानं जातात, चार शब्द बोलून परत येतात. वामन जाताना काही बोलायचाच नाही. बसायचा, आणि बऱ्याच वेळानं विचारायचा, "तुमच्या घरच्यायची गाडी कोणती होती?" सगळ्यांना काही ना काही आठवायचं. कोणाची जीप, कोणाची मेटॅडोर, कोणाच्या बापाचा कापसाच्या जिनिंगमधला ट्रक, कोणाची आयुष्यात एकदाच बसायला मिळालेली ॲम्बेसडर. रंग कोणता, पट्टा होता का, मागे काय लिहिलं होतं, एवढं विचारून तो उठायचा. पुढच्या आठवड्यात माझी व्हॅन त्या रंगात त्या घरी हजर. ती तिथेच राहायची, त्या घरच्यांना वाटेल तितके दिवस. त्यांनी आपण होऊन परत आणून दिली की मुक्काम संपला. गावात रात्री थांबणाऱ्या एस.टी.ला मुक्कामी गाडी म्हणतात ना, तसं आर्वीकडच्या लोकांनी माझ्या व्हॅनला मुक्कामी गाडी करून टाकलं. मी विचारायचो, "वामन, गाडी कुठाय?" आणि उत्तर यायचं, "मुक्कामाले गेली."

एकदा मी हात टेकून तडजोडीला आलो. म्हटलं, फासायचाच असेल तर निदान नीट फास. आधीचा रंग थिनरनं काढ, धातू स्वच्छ कर, मग नवा दे. रंगावर रंग चढवून कडा बुजल्या, दारांच्या रेघा गेल्या, चाकं धड फिरत नाहीत. मी स्वतः काढून देतो, म्हटलं. मी, ज्यानं जन्मात दुसऱ्या रंगाला हात लावला नाही, तो स्वतःहून हे म्हणत होतो! तर वामननं काय म्हणावं? "काढाचा नाई. वरतूनच लावाचा. खालचे लोक कुठं जातीन?" मी डोक्याला हात लावून घरी आलो.

किस्से किती सांगू? एस.टी.च्या एका चालकाच्या बायकोकडे व्हॅन लाल होऊन गेली. मध्ये दसरा आला. त्या माउलीनं तिची साग्रसंगीत पूजा केली, झेंडूचं एकेक फूल चारी बाजूंनी, समोर हळदकुंकू. गाडी काढताना चाकांखाली लिंबू ठेवतात ना, ते इथे मोठं पडत होतं म्हणून चार द्राक्षं ठेवली आणि चिरडली. व्हॅन परत आली ती चिकट, बॉनेटवर कुंकू लागलेली. वामननं ते पुसलंदेखील नाही, त्यावरूनच पुढचा रंग. तेव्हा म्हणे टुरिंग टॉकीजची गाडी करायची होती, त्यासाठी टपावर औषधाच्या बाटलीच्या बुचाचा भोंगा चिकटवला. इंग्लंडच्या त्या व्हॅनला भोंगा! मी कपाळ बडवून घ्यायचो आणि हा खिदळायचा. "अबे सर्वेअर, तुह्या गाडीनं जेवढं जग पाह्यलं तेवढं तुह्या मामानं नाई पाह्यलं."

नागपूरला आम्ही नादिष्टांनी एकदा मोटारी मांडून बसायचं ठरवलं. मी वामनला गळ घातली, एवढ्यापुरती व्हॅन आण, मी खोकं आणतो, दोन्ही शेजारी ठेवू, निदान लोकांना कळेल की ही कोणती. आणली त्यानं. तेव्हा ती खाकी होती. लोक हसले. एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, "याला रंगकाम म्हणता?" मला मान वर करता येईना. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर गेलो आणि परत येतो तर टेबलावर खोकंच. व्हॅन नाही. वामन शांतपणे शेंगदाणे खात बसलेला. एक बाई आली होती, बघता बघता रडायला लागली, तिच्या भावाची अशीच खाकी गाडी होती म्हणे, म्हणून दिली. नाव? विचारलं नाही. पत्ता? "येईन न बे वापस. तिले मायी शाळा सांगतली." मी त्या दिवशी त्याच्याशी वर्ध्यापर्यंत एक शब्द बोललो नाही. व्हॅन आली परत, उन्हाळा उलटल्यावर, एस.टी.च्या पार्सलनं, जुन्या टॉवेलात गुंडाळून. म्हणजे पुन्हा त्याचंच खरं झालं, आणि मला त्याचा राग वेगळाच.

लोक मला विचारतात, एवढं होतं तर सरळ उचलून का आणली नाही? कशी आणणार? जेव्हा जावं तेव्हा ती कोणाच्या तरी दुःखाच्या घरी. हिसकावू का तिथून? आणि जेव्हा वामनच्या घरी असायची तेव्हा रंग ओला. बरोबर डाव साधायचा तो. वर्षानुवर्षं मी रिकामं खोकं सांभाळत बसलो, कपाटात तिच्या जागी, झाकणं न मोडता, आत मऊ कागद भरून.

तेरवीला पवनारला गेलो. जेवणं झाल्यावर सेलूचा तो माणूस आला, कापडी पिशवीतून मरून व्हॅन काढली आणि शोभावहिनींपुढे ठेवली. "सरायची गाडी." वाकून नमस्कार केला आणि गेला. मनात माझ्या पहिलं आलं ते हेच की आता संपलं एकदाचं, आता घरी न्यायची, थिनरमध्ये बुडवायची, सगळं खरवडून मूळ हिरवी वर आणायची आणि खोक्यात घालायची. थिनरची बाटली मी वर्ध्याहून निघतानाच गाडीच्या डिकीत ठेवली होती, खोटं कशाला बोलू. वहिनींनी व्हॅन पदरानं पुसली. म्हणाल्या, "तुमचीच हाय भाऊजी, घेऊन जा." मी हात पुढे केला, तर त्यांनी ती सोडलीच नाही. "पन एक सांगू? तेरा दिवस लोक येऊन राह्यले. सारे इचारतात, गाडी आली का? मले काय सांगाव समजेना. साऱ्यायच्या घरी यायनं नेली... आमच्या घरी कोन आनन?"

नितीन खाली बघत बसला. "तुमीच द्या रंगवून," वहिनी म्हणाल्या. "यायची गाडी. चार दिवस ठेवीन आन मंग न्या."

ज्यानं जन्मभर त्या रंगाला विरोध केला त्यालाच ब्रश धरायला सांगायचं! पण नाही म्हणायला तोंड कुठे होतं? म्हटलं, ठीक आहे, कोणता रंग? आणि तिथे सगळं अडलं. वामनची गाडी कोणती? अख्ख्या जिल्ह्याला हा प्रश्न विचारत फिरला, स्वतःची कधी सांगितली नाही. त्यानं मोटार घेतलीच नव्हती. मी म्हटलं, त्याची ती मोपेड? निळी? वहिनी म्हणाल्या, "नाई जी, ते त रोज ढकलतच आनत होते, शिव्या देत." पवनार-वर्धा बस, जिनं शाळेत यायचा? "तिच्यात त उलट्या होत होत्या यायले." लग्नाची वरात कोणत्या गाडीतून आली होती? बैलगाडीतून. नितीन म्हणाला, बाबांना सायकल आवडायची. सायकल कशी रंगवू व्हॅनवर? हो, वामननं रंगवली असती, म्हणाला असता तिले इचार, ते सायकलच हाय. पण मी वामन नाही. मी चिडलो. तेरवीच्या घरी, त्याच्या फोटोसमोर चिडलो. म्हटलं, "वहिनी, हा माणूस दुनियेभरची बडबड करायचा आणि कामाचं एक अक्षर सांगून गेला नाही!"

वहिनी रागावल्या नाहीत. त्यांनी व्हॅन हातात फिरवली, उलटी केली, आणि एकदम थांबल्या. "भाऊजी, हे पाहा." पोटाखालचा पत्रा गर्द हिरवा होता. तोच हिरवा. कडेशी रंगांचे ओघळ येऊन थांबलेले, पण पोटावर एक थेंब नाही. "इथं यायनं कधी ब्रश लावला नाई," वहिनी म्हणाल्या. "मी एकडाव म्हटलं, खालून काऊन सोडता? त म्हने, ते मायी जागा हाय, ते राहू दे. मले वाटलं, हातात धराची जागा म्हनत असतीन..."

जन्मभर लोकांच्या मोटारींखाली आडवा होऊन बॅटरी मारून पाहिलं. ही व्हॅन मला इतकी पाठ होती की उलटून बघायची गरजच वाटली नव्हती, आणि बघायला मिळायची तेव्हा मी वरच्या रंगाच्या नावानं बोंबा मारण्यात गर्क. आणि तो! तोंडानं सांगायला काय झालं होतं त्याला? शेजारी बसून इतक्या वेळा भांडलो, एकदा म्हणायचं की बाबा रे, माझी गाडी हीच, तुझ्या कपाटातली. मी काय त्याला खाल्लं असतं? पण नाही. हसत बसायचं, शेंगदाणे खायचे, आणि मला उल्लू बनवत राहायचं.

थिनर मी वापरलं नाही. खालचे लोक कुठं जातीन, हे त्याचं बोलणं कानात होतं, आणि कानातून जात नव्हतं. वर्ध्याच्या रंगाच्या दुकानात तो हिरवा मिळेना. दुकानदार एकदा पोपटी दाखवतो, एकदा मेहंदी, वर मला सांगतो, "साहेब, हिरवा तो हिरवाच, कोन पाहून राह्यलं?" मी पाहून राह्यलो ना! शेवटी गडद हिरवा आणला आणि घरी त्यात चिमूटभर काळा कालवून कालवून पोटाशी ताडून पाहिला. बऱ्यापैकी जमला. पुरता नाही. मग अंगणात बसून रंगवायला घेतली. अहो, काय अवघड काम आहे ते! ब्रश एकीकडे, हात दुसरीकडे. मरून झाकायला जावं तर कोपऱ्यात रंग साचतो, पुसायला जावं तर बोटाला लागतो. बॉनेटवर ब्रशचा एक केस चिकटला. याच एका गोष्टीवरून मी वामनला दर वेळी धारेवर धरायचो. काढायला गेलो तर रंगच निघायला लागला, म्हणून तो तसाच सोडला. टपावरचा भोंगा केव्हाच पडला होता, पण त्याच्या डिंकाचा उंचवटा बोटाला लागत होता. कुंकवाची बॉनेटवरची खरखर तेवढ्या रंगांखालूनही लागत होती, निदान मला तसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी धीर धरवेना. व्हॅन घेतली, कपाटातलं खोकंही घेतलं आणि पवनारला गेलो. माझं ठरलं होतं, वहिनींच्या हातात द्यायची ती रीतसर द्यायची, खोक्यातून. इतक्या वर्षांनी दोन्ही एकत्र. वहिनी ओसरीवर त्याच पाटाशी तांदूळ निवडत होत्या. मी आतला मऊ कागद काढला, झाकण उघडलं, आणि व्हॅन आत सरकवायला गेलो. जाईना. तिरपी केली, जाईना. उलट बाजूनं पाहिलं, तिथेही तेच. पांढरा, लाल, खाकी, मरून आणि मधले मला माहीत नसलेले कितीतरी... एवढी माणसं अंगावर घेऊन ती जाड झाली होती, आणि खोकं होतं तेवढंच होतं. मला असा काही संताप आला की मी ती दाबली. ज्या खोक्याला मी कधी सुरकुती पडू दिली नाही त्याचं झाकण टर्रकन फाटलं.

वहिनी हसल्या. वामन गेल्यापासून पहिल्यांदा, तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसले आणि व्हॅन माझ्या हातातून काढून घेतली. "राहू द्या भाऊजी. बाहेरच राहू द्या. खोक्यातली यायनं लय दिवस पाह्यली."

मी तिथे चहा घेतला. साखर कमी होती, बोललो नाही.

व्हॅन अजून त्यांच्याकडेच आहे, ओसरीच्या खिडकीत, वामनच्या ब्रशांच्या पेल्याशेजारी. चार दिवस म्हणाल्या होत्या, आता आठवडे झाले. मी मागितलेली नाही, मुक्काम कधी संपवायचा ते त्या घरानं ठरवायचं असतं. पण गेलो की माझी नजर तिच्या टपावर जाते आणि माझं डोकं फिरतं. खोक्यात दाबताना तिथे माझा अंगठा उमटलाय, रेघान् रेघ दिसते, कोणत्याही मोटारीवर मी असला डाग चालवून घेतला नसता. रंग ओला होता. वाळू दे, म्हणून सांगितलं होतं त्यानं.